हवेची आंघोळ

आप्पांचा डावा कान विहिरींनी खाल्ला. आप्पा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरवर काढली. आमच्या भागात थोडी माती उकरली की खाली काळा पाषाण; विहीर पाडायची तर ट्रॅक्टर बोलवावाच लागतो. ट्रॅक्टरच्या मागं बसवलेला कॉम्प्रेसर धडधडायला लागतो, जाड रबरी नळीतनं हवा खाली उतरते, आणि विहिरीच्या तळाशी एक माणूस त्या हवेवर चालणारं मशीन पोटाशी धरून खडकाला भोकं पाडतो. मग भोकांत सुरुंगाची दारू ठासायची, सगळ्यांनी वर यायचं आणि उडवायचं. आप्पांनी कानात कधी साधा कापसाचा बोळा घातला नाही. डावी बाजू मशीनकडं असायची, ती ठार बहिरी झाली. राहिला उजवा कान. फोन त्याच कानाला, बातम्या त्याच कानानं, रस्त्यानं चालताना मागनं मोटारसायकल आली हेसुद्धा त्याच कानाला कळायचं. "हा एक हाय तवर मी माणसात हाय," असं आप्पा म्हणायचे.

मी जनावरांची डॉक्टर. लोहाऱ्याच्या आसपासच्या गावांतनं गाई-म्हशी बघत फिरते. आईवडिलांजवळ राहते, आणि लग्न का केलं नाहीस म्हणून विचारायला येणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. माझ्याकडं एक जुनी जीप आहे, चारी चाकांनी ओढणारी. तिच्याशिवाय माझा धंदा नाही, कारण अडलेली म्हैस कधीच डांबरी रस्त्याच्या कडेला नसते. ती असते पार ओढ्याच्या पलीकडं, रानातल्या आखाड्यावरच्या गोठ्यात, आणि तीही नेमकी झड लागलेली असताना.

पावसाळ्यात आमचं काळं रान काय चीज आहे हे डांबरीवरच्या माणसाला कळायचं नाही. माती चाकाला असली चिकटते की चाक गोलच राहत नाही. गाडी जागच्या जागी फिरत बसते आणि आपण स्टिअरिंगला शिव्या घालत बसतो. त्यावर उपाय एकच, चाकातली हवा बऱ्यापैकी सोडून द्यायची. टायर पसरतो, माती धरतो, गाडी निघते. पण डांबरीवर आल्यावर काय? तशाच बसक्या चाकांवर रखडत पंक्चरवाला गाठायचा. एका श्रावणात मी पार बेंबळीकडं गेले होते. परत येताना बसका टायर वळणावर रिंगेतनं निसटला आणि जीप सरळ खड्ड्यात. मला काही झालं नाही, पण घरी आल्यावर मी जीपला अशी लाथ मारली की माझाच अंगठा सुजला.

आप्पा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "हवा मागत गावोगाव कशाला फिरतीस? गाडीतच बसवू की."

मला वाटलं चेष्टा करतायत. म्हातारा माणूस, घरी बसून कंटाळलाय, बोलतोय काहीतरी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते टोपी घालून जीपमध्ये येऊन बसले होते.

मुरुम गावी त्यांचा विहिरींच्या दिवसांपासनचा दोस्त आहे, गाड्यांचा मिस्त्री. जीप तिथं नेली. बॉनेट उघडलं आणि दोघं म्हातारे आत वाकून, पोरीचं स्थळ बघायला आल्यासारखे सगळीकडनं निरखायला लागले. मी म्हणाले, "आप्पा, इथं बोट घालायला जागा नाही, कॉम्प्रेसर कुठं बसवणार?"

"जागा असती व्हय कुठं?" आप्पा म्हणाले. "करायची असती."

मिस्त्रीनं भंगारातनं एका मोटारीच्या एसीचा कॉम्प्रेसर शोधून काढला. सोललेल्या नारळाएवढा गड्डा, पुढं पुली. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणार, आणि डॅशबोर्डवरचं बटण दाबलं तरच हवा भरणार. मी विचारलं, "गाडी थंड करायचं यंत्र हे, चाकात काय हवा भरणार?"

"एसीत हे गॅस दाबतंय," आप्पांनी मला समजावलं. "गॅस न्हाय दिला तर जे दिलं ते दाबंल. त्याला काय कळतंय?"

मग हवा साठवायला टाकी हवी. मिस्त्रीनं हसत हसत फ्रिजच्या गॅसचा एक रिकामा, पातळ पत्र्याचा डबा पुढं केला. माझं तोंड उघडायच्या आत आप्पाच उसळले. "अरं, माणसं मारतूस का? हवा हाय ती, पाणी न्हाय! डबा फुटला तर पत्र्याचं सुरं हुत्यात, सुरं! हवंला हलक्यात घ्यायचं न्हाय." मिस्त्री बिचारा "अरे यार आप्पा, मजाक किया" म्हणत डबा लपवायला लागला. शेवटी एका लॉरीच्या ब्रेकची जाड टाकी मिळाली, ती मागं चासीखाली बसवली, आणि दाब जास्त झाला की आपोआप फुस्स करून सोडणारी झडप तिच्यावर लावली. हवेला हलक्यात घ्यायचं नाही, हे आप्पांचे शब्द मी स्वतः ऐकलेत, म्हणून मुद्दाम सांगते.

कॉम्प्रेसर बसवायला मात्र सगळ्यांचा घाम निघाला. लोखंडी पट्ट्या कापून, जोडून मिस्त्रीनं एक ब्रॅकेट केलं, ते अल्टरनेटरच्या वरच्या अंगाला आवळलं, कॉम्प्रेसर चढवला, आणि बॉनेट बंद होईना. थोडक्यात अडायचं, पण कुठं ते दिसायचं नाही. मिस्त्री म्हणाला, बॉनेटलाच भोक पाडू. आणि खरंच ग्राइंडर घेऊन आला की हो! मी किंचाळलेच. "तो ग्राइंडर आधी खाली ठेवा! भोकातनं पाऊस इंजिनात घेऊ काय?" आप्पांनी मला हातानंच गप्प केलं. डॅशबोर्डवर देवाच्या तसबिरीपुढं कुंकवाची डबी असते, ती घेतली, त्यात तेलाचा थेंब कालवला आणि कॉम्प्रेसरच्या डोक्यावर फासलं. बॉनेट हळूच टेकवलं, उचललं. बॉनेटच्या आतल्या बाजूला लाल ठिपका उठला होता. "एवढंच अडतंय," आप्पा म्हणाले. ब्रॅकेट बोटभर खाली घेतलं.

खाली घेतलं तर कॉम्प्रेसर सायलेन्सरच्या तापलेल्या पाईपाजवळ गेला. मग मधे गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडवा लावला. पट्टा एका रेषेत यावा म्हणून दोन पुल्यांवरनं सुतळी ताणून बघितली. एसीत गॅसबरोबर तेलही फिरतं, हवेत तेल कुठलं? म्हणून हवा ओढायच्या तोंडाशी तेलाची बाटली आणि पुढं ते तेल परत गाळून घेणारी बरणी बसवली. हवा ओढायची नळी उंच नेली, चिखलपाणी आत जायला नको. सगळं झाल्यावर इंजिन चालू केलं, आप्पांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मी बटण दाबलं. खट् झालं, पट्टा किंचित ओरडला, आणि दाब दाखवणाऱ्या काट्यानं वर चढायला सुरुवात केली. खोटं कशाला सांगू, मी टाळ्या वाजवल्या.

त्या पावसाळ्यात मी राज्य केलं राज्य. चिखलात चाकांची हवा सोडायची, म्हशीचं बाळंतपण उरकायचं, डांबरीवर येऊन नळी लावायची आणि चाकं पुन्हा टम्म. लोक थांबून बघायचे. आप्पा रोज संध्याकाळी बॉनेट उघडून नटबोल्ट चाचपायचे. आई मात्र त्या यंत्राकडं बघायचीसुद्धा नाही. तिला कॉम्प्रेसर या शब्दाचाच तिटकारा होता, आणि ती कारण सांगायची नाही. तसंही आमच्या आईचं आप्पांशी बोलणं म्हणजे "जेवा", "उठा", "फोन आलाय". अर्ध्या बहिऱ्या माणसाशी ओरडून ओरडून तिनं बाकीचं कधीच सोडून दिलं होतं.

आश्विनात सोयाबीन निघालं. आमच्या शेतात मळणीला हडंबा मशीन आलं, सगळीकडं भुस्कटाचा धुरळा. सोयाबीनचं भुस्कट अंगाला असं खाजतं की कातडी सोलून ठेवावी वाटते. जीपच्या रेडिएटरची जाळी त्या भुस्कटानं बुजली, म्हणून आप्पांनी खटका दाबला की हवेचा झोत मारणारी बंदूक नळीला लावली आणि जाळी झाडून काढली. इथवर ठीक होतं. मग त्यांनी स्वतःच्या सदऱ्यावर हवा मारली, धोतरावर मारली, आणि तोंडभर हसले. विहिरीवर दिवसभर खडकाची भुकटी अंगावर बसायची. काम सुटलं की एकेकानं पुढं उभं राहायचं आणि दुसऱ्यानं त्याच्यावर नळी धरायची, ही तिथली रीत. त्याला ते हवेची आंघोळ म्हणायचे. झालं! मळणीला आलेल्या बाया एकीमागं एक रांगेत उभ्या राहिल्या. "आप्पा, माझ्या पाठीवर मारा की", "आप्पा, मला बी". खिदळणं काय, लुगडी फुगणं काय.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आप्पा, बंद करा ते! खेळणं आहे का? कुणाच्या डोळ्यात गेलं तर?"

"तोंड फिरवून उभ्या ऱ्हायल्यात की त्या," आप्पा म्हणाले. "जलमभर हवंवर काम केलंय मी. तू मला शिकवूलालीस?"

बाया हसल्या. मी रागारागानं तिथनं निघाले आणि पलीकडं शेजाऱ्यांच्या बैलाच्या खुरात रुतलेला खडा काढत बसले.

खडा निघाला, मी मान वर केली. हडंब्याच्या पलीकडं आप्पा उभे होते, टॉवेलचं टोक पिळून उजव्या कानात फिरवत होते. भुस्कट गेलं असणार कानात. ते निघेना. त्यांनी बंदुकीचं तोंड स्वतःच्या कानाकडं वळवून बघितलं, हात नीट वळेना. मग त्यांनी आईला हाक मारली. ती भाकरीचं फडकं घेऊन तिथनंच चालली होती. आप्पांनी बंदूक तिच्या हातात दिली, मान वाकडी केली आणि बोटानं दाखवलं, इथं, जरा हळूच दाब.

मी ओरडले. जीव खाऊन ओरडले. "आई, नको! आई!" पण हडंब्याच्या धडधडीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी पळत सुटले. आईनं ते यंत्र आयुष्यात कधी हातात धरलं नव्हतं. हळू दाबायचं म्हणजे किती, तिला काय माहीत? तिनं दाबलं.

आप्पा मटकन खाली बसले. आडवे नाही झाले, नुसते बसले, दोन्ही हात मातीवर टेकून, जमीन हलत असल्यासारखे. आईच्या हातातली बंदूक तशीच फुसफुसत होती, तिला बोट उचलायचं सुचत नव्हतं. मी पोचले, बंदूक हिसकावून फेकली, आप्पांचं तोंड वर केलं. कानातनं रक्ताचा बारीक ओघळ आला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग हडंब्याकडं बघितलं, आणि मोठ्यांदा विचारलं, "हडंबा कामून बंद केलाव?"

हडंबा चालू होता. माझ्या पाठीमागं, कान फुटतील असा चालू होता.

 डॉक्टर आहे मी, जनावरांची का होईना, रक्त रोज बघते. पण त्या एका प्रश्नावर काय करायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. आईनं तो ऐकला आणि ती आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिली.

सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं. बाहेर येऊन मला विचारलं, "कानात कॉम्प्रेसरची हवा मारली? कुणी मारली?" मी म्हणाले, मीच. आई शेजारी उभी होती, आणि तिच्यापुढं दुसरं काही बोलायची माझी छाती झाली नाही. डॉक्टर मला जे काय बोलले ते मी ऐकून घेतलं. पडदा फाटला होता. फाटलेला पडदा बऱ्याचदा आपला आपण जुळतो, म्हणाले, पण आतल्या भागाला किती मार बसलाय ते आज सांगता येत नाही. पाणी जाऊ द्यायचं नाही, औषध घ्यायचं, वाट बघायची. "दुसरा कान तरी चांगला आहे ना?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले, तर ते दिवा घेऊन पुन्हा आप्पांकडं गेले.

घरी आलो तर घर परकं वाटायला लागलं. आप्पा उजव्या कानात कापूस घालून बाजेवर बसून राहायचे. आम्ही खुणा करायचो. जेवणाची खूण, गोळीची खूण. ते स्वतः बोलायचे ते एवढ्या मोठ्यांदा की गल्लीतली कुत्री उठायची, मग आमच्या चेहऱ्याकडं बघून ओशाळायचे आणि थोडं थोडं करत तेही बंद झाले. मला ते बघवेना. एका सकाळी मी पाना घेतला, जीपचं बॉनेट उघडलं आणि तो कॉम्प्रेसर उपटायला निघाले. एक बोल्ट काढला असेल नसेल, आप्पा अनवाणी धावत आले आणि माझं मनगट धरलं. "काढू नगंस! पावसात अडकून बसशील!" मी रडायला लागले, त्यांना ते ऐकू आलं नाही, दिसलं मात्र असेल. त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला आणि तो बोल्ट परत आवळला.

आईनं तर अन्न टाकल्यातच जमा होतं. ताटावर बसायची आणि उठायची. मी समजावलं, चिडले, एकदा ताट आपटलंसुद्धा. "अगं, त्यांनीच सांगितलं ना तुला? तुझी काय चूक?" ती मान हलवायची. "तुला न्हाय कळायचं," एवढंच.

आणि मग एक नवीनच सुरू झालं. आई आप्पांच्या बाजेशेजारी निवडण घेऊन बसायची आणि त्यांच्याशी बोलायची. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दारातच थबकले. कधी न बोलणारी बाई! तुरीतले खडे वेचत, मान खाली घालून, साध्या आवाजात, बहिऱ्या माणसाशी. शेजारणीची सून, महागडा गूळ, माझं तापट डोकं, सगळं. आप्पा भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. मला वाटलं, दुःखानं हिचं डोकं फिरलं. पण त्यानंतर ती दोन घास जास्त जेवायला लागली, म्हणून मी काही बोलले नाही.

तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. दुपारी मी एका गावाहून लवकर परत आले, मागच्या दारानं आत शिरले, आणि आईचं बोलणं कानावर पडलं.

"तुमचा डावा कान गेला तवा मला बरं वाटलं हुतं," आई सांगत होती. "खरंच सांगते. म्हणलं, आता तरी हा माणूस विहिरीवर जायचा न्हाय. दारू उडाली की म्या हिकडं चुलीपाशी हात जोडून बसायची. परत तुमच्या कॉम्प्रेसरचा आवाज आला की म्हणायची, जित्ता हाय. कान गेल्यावर बी तुमी गेलावच कामावर. तवा म्या देवाला म्हणलं, दुसरा बी कान घे, पर माणूस घरला आण." सुपातला तिचा हात थांबला. "इतक्या सालानं घेतला बगा त्यानं. माझ्याच हातानं घेतला."

 माझी आई, मुंगीवर पाय पडू न देणारी, तिनं असलं मागणं मागितलं होतं आणि जन्मभर पोटात ठेवलं होतं!  आणि तेवढ्यात माझं लक्ष आप्पांकडं गेलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते, आईला त्यांची फक्त पाठ दिसत होती. मी उशाकडच्या दारात होते, मला तोंड दिसत होतं. डोळ्यांतनं पाणी घळाघळा उशीवर उतरत होतं.

आई सूप घेऊन आत गेली. आप्पा उठून अंगणात आले, जीपच्या बंपरवर बसले. मी त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आप्पा, तुम्हाला ऐकू येतंय."

ते वळून न बघता म्हणाले, "हळू बोल. ती ऐकंल."

देवा रे! मला हसावं का रडावं का त्यांचं मानगूट धरावं, कळेना. "कधीपासून?"

"तुळशीच्या लग्नात फटाकडं वाजलं तवा पैल्यांदा आलं. गोधडी पांघरून ऐकल्यावानी येतंय. आता जरा उघडलंय."

"आणि तुम्ही सांगितलं नाही? आम्ही इथं रोज मरतोय!"

"ती बोलूलालीय गं," आप्पा म्हणाले. "इतक्या वरसात पैल्यांदा. ऐकू येतंय म्हणलं की गप हुईल."

मला त्यांची दया आली, आणि रागही असा आला की बस्स. "आणि तिचं काय? तिला वाटतंय देवानं तिचं मागणं पुरं केलं. तिच्या हातानं. तुम्ही भिंतीकडं तोंड करून मजेत ऐकताय आणि ती आतनं जळतीय. लाज वाटते का थोडी?" बापाशी असं बोलायचं नसतं, मला माहीत आहे. पण मी बोलले.

आप्पा गुडघ्यावर हात टेकून उठले, कानातला कापूस काढून खिशात घातला आणि आत गेले. मी मागोमाग.

आई पाठमोरी बसून भाकरी थापत होती. आप्पा दारात उभे राहिले. एकदा घसा खाकरला. "देवानं न्हाय घेतला कान," ते म्हणाले. "हाय. हाय हितंच."

थापायचा आवाज थांबला. आईनं मान वळवली नाही. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिचं तिकडं लक्ष नव्हतं. मग एवढ्या हळू आवाजात, की मलाही जेमतेम कळलं, ती म्हणाली, "कवाधरनं?"

"तुळशीच्या लग्नापासनं."

आता ती वळली. तिचं तोंड असं झालं होतं की मला वाटलं ही आता परात भिरकावणार. "म्हंजी सगळं ऐकलाव?"

"व्हय."

"ते... देवाला म्हणलेलं बी?"

"ते बी." आप्पांनी दाराची चौकट धरली. "विहिरीत मला बी लई भ्या वाटायचं गं. रोज वाटायचं. सांगायचं कुणाला?"

आईनं पिठाच्या हातानं कपाळ धरलं आणि मोठ्यानं रडली. दारातनं मीही रडत होते, आणि त्या घरात गप्प फक्त तवा होता. मग तिनं पदरानं डोळे पुसले, करपलेली भाकरी उचलून बाजूला टाकली आणि पायानं पाट आप्पांकडं सरकवला.

"बसा मग," ती म्हणाली. "ऱ्हायलेलं बी ऐका."

"लई ऱ्हायलंय का?" आप्पांनी भीत भीत विचारलं.

"लगीन लागलं त्या दिवसापासनं हाय."

आप्पा मुकाट्यानं पाटावर बसले, उजवा कान तिच्याकडं करून.